मागच्या बाकावरून

"आई, तू नको येऊस. तुला काही कळणार नाही." मुलं कॉलेजात गेली की हे वाक्य कधी ना कधी तुमच्याही वाट्याला आलं असेल. माझ्या वाट्याला ते यंदा आलं.

लेक म्हैसूर विद्यापीठात भाषाविज्ञानात एम.ए. करते. त्यांचं विद्यार्थ्यांचं चर्चासत्र होतं आणि तिचा निबंध होता म्हैसुरातल्या मराठी घरांमधल्या बोलीवर. म्हणजे आमच्याच घरावर! आम्ही मूळचे विट्याकडचे. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी आमच्या भागातली माणसं देशभर पांगली, तसे माझे सासरे इथं आले. मी लग्न होऊन आले आणि कन्नड शिकले ती भाजीवालीकडून. स्वयंपाक करताना मी काय बोलते, ते ही मुलगी महिनाभर वहीत लिहून घेत होती, आणि आता मलाच कळणार नाही म्हणे.

मी गेले. न सांगता.

विद्यापीठाच्या परिसराचं नाव मानसगंगोत्री. ते दिलं कुवेंपू यांनी. १९१६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिकून पुढं तिथंच कुलगुरू झालेले ते पहिले. त्यांनी कामाचे तीन भाग कल्पिले होते: अध्ययनांग, संशोधनांग आणि प्रसारांग. तिसरा भाग आपल्यासारख्यांसाठी. विद्यापीठातलं ज्ञान कन्नडमधून, व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून साध्या माणसांपर्यंत जावं म्हणून. हे मला लेकीनंच कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा दारात पाय अडखळला, तशी मनात म्हटलं, कुवेंपूंनी बोलावलंय.

दारात कुणी अडवलं नाही. मागच्या बाकावर बसले. पहिले दोन निबंध इंग्रजीत झाले, ते खरंच डोक्यावरून गेले. मग ही उभी राहिली. आवाज थरथरत होता. पडद्यावर माझी वाक्यं आली: "सुम्मने बस की", "स्वल्प थांब, भात उतरवते". आपण असं बोलतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सुम्मने म्हणजे उगाच किंवा गप्प, स्वल्प म्हणजे थोडं. वीस वर्षांत हे शब्द कधी घरात शिरले, कोण जाणे. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

शेवटी एका सरांनी कन्नडमध्ये विचारलं, "हे शब्द त्या बायका सगळ्यांशी वापरतात, की काहींशीच?" लेक गप्प. वही चाळू लागली. मला उत्तर माहीत होतं. हात वर करावा की नाही, यात किती वेळ गेला सांगू? माझी कन्नड म्हणजे "किलोला किती" एवढीच. पण केला वर. जमेल तसं सांगितलं, की मुलांशी बोलतो, जावाजावांत बोलतो, पण सासूबाईंसमोर "सुम्मने" कधीच तोंडून येत नाही. तिथं विट्याचीच भाषा.

सर म्हणाले, "हे लिहून घे." लेकीनं मान खाली घालून लिहिलं. माझ्याकडं बघितलं नाही.

परतताना ती घुश्शातच होती. गेटपाशी भारतीय भाषा संस्थेची पाटी दाखवत मी म्हटलं, "इथं काय चालतं गं?" मग तिचं तोंड उघडलं. १९६९ पासूनची ही केंद्र सरकारची संस्था, तिचं एक केंद्र पुण्यात आहे आणि तिथं दुसऱ्या राज्यांतले शिक्षक येऊन मराठी शिकतात, वगैरे वगैरे घरापर्यंत.

तुमच्या गावात विद्यापीठ असेल तर सूचनाफलक बघत जा. बरीच व्याख्यानं सर्वांसाठी खुली असतात. थोडं लवकर जा, मागं बसा.

रात्री भांडी आवरत होते. ती वही घेऊन ओट्याला टेकली.

"आजीसमोर अजून कोणते शब्द बोलत नाहीस?"

"स्वल्प थांब," म्हटलं, "हात पुसते."