शेऱ्याचा रकाना

"काका, आता ऐका. सगळी खरखर काढून टाकली आहे," असे म्हणून पुतण्याने गेल्या वैशाखात माझ्या कानांवर हेडफोन चढवला, तेव्हा १९७९ सालच्या एका व्याख्यात्याचा आवाज इतका निर्मळ ऐकू आला की क्षणभर मला तो ओळखताच येईना. शब्द तेच होते, स्वराचा चढउतारही तोच होता. परंतु वक्ता जणू एखाद्या बंद तिजोरीत उभा राहून बोलत होता. त्याच्या पाठीमागची गोदावरी नव्हती, कपालेश्वराच्या पायऱ्या उतरत येणारा घंटेचा नाद नव्हता, सतरंजीवर कंटाळलेल्या लहान मुलांची कुजबुज नव्हती, आणि दर चार-पाच मिनिटांनी यंत्राच्या अगदी निकट उठणारा, दाबून दाबून अखेरीस न आवरलेला माझ्या वडिलांचा खोकला नव्हता. नाना जाऊन एकवीस वर्षे झाली. त्यांचा म्हणून जो आवाज मुद्रित होऊन आमच्यापाशी उरला आहे, तो एवढा खोकलाच आहे.

पुतण्यावर मी रागावलो नाही. मूळ कॅसेट कपाटात सुखरूप आहे, आणि त्याने आठ रात्री जागून केलेले काम प्रेमाचे होते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

नाना मामलेदार कचेरीत नकलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुराच्या बरहुकूम नकला करायच्या, रुजवात घालायची, खाली सही करायची, हा त्यांचा तीस वर्षांचा व्यवसाय. आणि मे महिना लागला की कचेरीतून परस्पर गोदाघाटावर यायचे, हा त्यांचा नेम. नाशिकच्या ज्या वसंत व्याख्यानमालेने अलीकडेच शंभरी गाठली, ती यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर भरते, याचे नानांना विशेष अगत्य होते. कारण हे यशवंतराव महाराज म्हणजे सटाण्याचे देव मामलेदार. १८७०-७१च्या दुष्काळात सरकारी खजिना उपाशी रयतेला वाटून टाकणारे. आपल्याच खात्यातला एक मनुष्य देवपदाला पोहोचला आणि त्याच्या अंगणात महिनाभर माणसे विचार ऐकायला बसतात, हे सांगताना नानांचा स्वर किंचित वर जाई. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, हे त्यांना ठाऊक होते. पण नदीकाठी बसून ऐकण्याचे सुख पुणेकरांना नाही, असे त्यांचे ठाम मत होते आणि मला ते आजही मान्य आहे.

१९७९ साली मामांनी मस्कतहून टेपरेकॉर्डर आणला आणि नाना व्याख्याने मुद्रित करू लागले. नव्वद मिनिटांची कॅसेट, एकेका बाजूस पंचेचाळीस मिनिटे. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे एका बाजूस सुमारे एकशे एकोणतीस मीटर, हा हिशेब त्यांनी मला कागदावर करून दाखवला होता. आरंभीची पारदर्शक पट्टी ध्वनी धरीत नाही, म्हणून कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी पेन्सिलीने दोन-चार फेरे पुढे घ्यायचे. व्याख्यान पूर्ण झाले की मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे चुकून पुसले जायचे नाही. एवढी तालीम दिल्यावर पंचेचाळिसाव्या मिनिटाला बाजू उलटण्याचे काम माझ्या हवाली करण्यात आले. मी बारा वर्षांचा होतो. नाना ऐकताना डोळे मिटून ऐकत, आणि मी त्यांचे घड्याळ हातात धरून बसे.

१४ मेच्या व्याख्यानाला विषय होता शिक्षण आणि समाज. वक्त्याचे नाव सांगत नाही. ते कोणी फार प्रसिद्ध गृहस्थ नव्हते. आयुष्यभर खेड्यांतील शाळांतून शिकवून निवृत्त झालेले, आवाज बारीक, वाक्ये मात्र दीर्घ आणि तोल न सोडणारी. शाळेत मुलाला काय येते याची आपण परीक्षा घेतो, पण त्याला काय सलते हे कोणी विचारीत नाही, अशा आशयाचे ते बोलत होते. रामकुंडाच्या बाजूने त्याच वेळी कोणी द्रोणांत दिवे सोडले होते, आणि ते काळ्या पाण्यावरून एकामागून एक चालले होते. "आणि म्हणून मी एवढेच म्हणेन," वक्ता म्हणाला, "की ज्या मुलाला आपण", आणि खटकन कळ वर आली. मी दचकलो. झाकण उघडले, कॅसेट उलटली, ती तिरकी बसली, पुन्हा काढली, पुन्हा बसवली. अर्धे मिनिट तरी गेले असेल. फितीच्या हिशेबाने दीड मीटर. त्या दीड मीटरात ते वाक्य पुरे होऊन गेले होते.

दुसरी बाजू सुरू होते ती शांततेने. टाळी नाही, हशा नाही, कोणी हललेसुद्धा नाही. मी घड्याळ लावून मोजली आहे ती शांतता: सतरा सेकंद. फक्त नदीचा आवाज आहे आणि दूरवर कोणीतरी पाण्यात बादली बुडवते आहे. मग वक्ता घसा साफ करतो आणि अगदी निराळ्याच मुद्द्याकडे वळतो. शेकडो माणसांना सतरा सेकंद मूक करील असे काय त्याने म्हटले असेल, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत किती प्रकारांनी सोडवून पाहिला, त्याची गणती नाही. पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर दरवर्षी जून महिन्यात पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकताना ते अर्धे वाक्य माझ्या मनात उभे राही, आणि समोरच्या बाकांवरचा एखादा चेहरा पाहून दरवर्षी मी ते निराळे पूर्ण करी.

नानांना मी त्याच रात्री घरी परतताना विचारले होते, की पुढे ते काय म्हणाले. नाना बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "मला आठवते ते मी सांगेन, पण ते त्यांचे शब्द नसतील." आणि त्यांनी सांगितले नाही.

येथे मला म्हाइंभटांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर ज्यांनी ज्यांनी त्यांचे बोलणे ऐकले होते त्यांना शोधीत हा पंडित गावोगाव हिंडला, प्रत्येकाची जबानी घेतली, ऋद्धिपुरास नागदेवाचार्यांपाशी तिची शहानिशा केली, आणि तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध झाले. व्याख्याने मुद्रित करण्याचे हे मराठीतील आद्य कार्य होय, असे मी मानतो. दोघांच्या स्मरणात भेद पडला तर म्हाइंभट एकाला खोटे ठरवीत नाहीत. मूळ लीळेपाशी दुसऱ्याचा पाठ 'वासना' म्हणून नमूद करतात. ऐकणाऱ्याच्या मनात जे रुजले ते पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा विवेक त्या काळी एका माणसापाशी होता. नाना मात्र नकलनवीस होते. वासना नोंदवण्याची त्यांची छाती झाली नसावी.

आणि दुसरी एक गोष्ट. नानांच्या कचेरीत येवल्याचे एक वृद्ध शिपाई होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी येवल्याच्या परिषदेत, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली, तेव्हा ते लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्या गर्दीत होते. काळाराम मंदिराच्या दारात १९३०च्या मार्चपासून जो सत्याग्रह चालला, त्यात त्यांच्या बापाने मार खाल्ला होता. येवल्याचे ते शब्द आपण वृत्तान्तांतून वाचतो. शिपाईमामांना शब्द आठवत नसत. त्यांना आठवे ते एवढेच, की बापाच्या खांद्याचा स्नायू एकाएकी ताठ झाला आणि मग कितीतरी वेळ कोणी बोललेच नाही. मी ही हकिकत ऐकली तेव्हा माझ्या सतरा सेकंदांची मला लाज वाटली; तरीही दोन्ही शांतता माझ्या मनात त्या दिवसापासून शेजारी शेजारी आहेत, आणि मी त्यांना वेगळे करू शकलेलो नाही.

२००८च्या सप्टेंबरात पूर आला. नाशकात पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात. कमरेला लागला, छातीला लागला, बुडाला. त्या दिवशी मारुती दिसेनासा झाला आणि आमच्या जुन्या वाड्याच्या खालच्या खोलीत पाणी शिरले. चिखल उपसल्यावर कॅसेटची पेटी सापडली. मी आणि पत्नीने एकेक कॅसेट उघडली, फिती स्वच्छ पाण्यातून काढून दोरीवर सैल टांगल्या. माडीवर आठवडाभर तपकिरी फितींचे पडदे हलत होते. बासष्टांपैकी एकेचाळीस वाचल्या. १४ मेची त्यांत होती. इतकी वर्षे गुंडाळून राहिल्यामुळे शेजारच्या वेढ्याचा ठसा तिच्यावर उमटला आहे, आणि निःशब्द जागी पुढचा शब्द उच्चारला जाण्याआधीच अस्पष्ट ऐकू येतो. पहिल्या बाजूच्या अखेरीस मी कितीदा कान लावून बसलो आहे. जे मुद्रितच झाले नाही त्याचा ठसा कोठून उमटणार, हे कळत असूनही बसलो आहे.

पुतण्याच्या निर्मळ नकलेत ती शांतता नाही. रिकामी जागा समजून ती आपोआप कापली गेली. "ज्या मुलाला आपण" या शब्दांना दुसऱ्या मुद्द्याचे पहिले वाक्य बिनदिक्कत येऊन चिकटले आहे, आणि ऐकणाऱ्याला काही निसटल्याचा संशयही येऊ नये असे ते जुळले आहे. मला दुःख झाले ते याचे. आजकाल थोरामोठ्यांच्या भाषणांतून दोन-दोन मिनिटांचे तुकडे तोडून फिरवतात, त्यांतही हाच अन्याय होतो. वक्ता थांबतो, शब्द शोधतो, पाणी पितो, तेवढ्यात श्रोता आपल्या आयुष्यात जाऊन येत असतो, आणि नेमकी तीच वाट बुजवली जाते.

सतरा सेकंद परत जोडून दे, असे मी त्याला सांगितले. "कुठे जोडायचे ते नक्की सांगा," तो म्हणाला, म्हणून माळ्यावरून नानांची नोंदवही काढली. कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे रकाने आखलेले: अनुक्रमांक, दिनांक, वक्ता, विषय, शेरा. एवढ्या वर्षांत ती वही मी उघडली नव्हती. चौदाव्या ओळीवर शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिले होते: "बाजू पालटताना खंड. चि.कडून विलंब." यांतील अखेरच्या दोन शब्दांवर एकच सरळ रेघ ओढलेली होती, कारण सरकारी दप्तरात लिहिलेले गिरवून किंवा खरडून नाहीसे करायचे नसते, मूळ अक्षर वाचता आले पाहिजे, आणि रेघेच्या वर, बारीक अक्षरांत, "यंत्रदोष". पुढे खाडाखोडीबद्दलची नानांची सही, तारखेसह. तारीख १५ मेची होती.

पुतण्याने आता संगणकावर नवी यादी करायला घेतली आहे. चौदाव्या ओळीपाशी तो थांबला आहे, आणि शेऱ्यात काय घालू म्हणून दोनदा विचारून गेला. मी त्याला उद्या ये म्हटले आहे.