मे महिन्यात टिकेल तो मासा

आमच्याकडे फिशटँक घेणारे बहुतेक लोक दिवाळीनंतर येतात. हवा गार असते, दुकानात नवा माल उतरलेला असतो आणि काचेमागची प्रत्येक मासोळी ठणठणीत दिसते. चंद्रपुरात मासा निवडायला याहून फसवा मोसम नाही. टँक बसवून देणं आणि पुढे त्यांची देखभाल करणं हा माझा उद्योग. खरा धंदा एप्रिल-मेमध्ये सुरू होतो, फोनवर. प्रश्न एकच: "भाऊ, मासोळ्या काहून मरून राहिल्या जी?"

बाहेर पारा 45 च्या पुढे गेला की कूलर लावलेल्या खोलीतसुद्धा छोट्या टँकचं पाणी 32-33 अंशांवर जातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 35 अंशांना जेमतेम 7. नेमक्या याच दिवसांत माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, कारण पाणी तापलं की त्याच्या शरीराचा सगळा कारभारच वेगाने चालू लागतो. तशात लाइन गेली की एअर पंप बंद. अहेरी-भामरागडच्या बाजूला लाइन कधी परत येईल हे कोणी सांगू नये. म्हणून गिऱ्हाइकाला मी आधी रंग विचारत नाही, घरी इन्व्हर्टर आहे का ते विचारतो.

गोल्डफिश सगळ्यांना हवी असते, आणि मी सहसा नाही म्हणतो. हा कार्पच्या कुळातला थंड पाण्यातला मासा. नीट वाढला तर सहा-आठ इंचांचा होतो, आणि खातो तितकीच घाणही करतो. घाणीतून अमोनिया तयार होतो. पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी, तितका तो जास्त विषारी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टँकमध्ये रेती टाकल्यावर 50 लिटरच्या आसपास पाणी मावतं. त्यात चार गोल्डफिश सोडल्या की जानेवारीत शोभा असते आणि मेमध्ये रोजचा घोर.

लहान मुलांना 'शार्क' हवा असतो. दुकानात त्या नावाने मिळणारं चंदेरी पिल्लू म्हणजे पंगास. मेकाँग नदीत तो मीटरभराहून मोठा होतो, आणि आपल्या मासळी बाजारात कापून विकतात तोही हाच. बोटभर असताना तो गोजिरवाणा दिसतो एवढंच. 'काच साफ करतो' म्हणून गळ्यात मारलेला सकरही फूटभर वाढतो.

पाण्याचं सांगायचं तर आपलं बोअरचं पाणी जड. कूलरच्या जाळीवर जसा पांढरा थर चढतो, तसंच टँकमध्ये होतं: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. लोक उन्हाळाभर वरून बोअरचं पाणी भरत राहतात आणि पाणी दर आठवड्याला आणखी जड होत जातं. नुसती भर घालू नका. चौथा हिस्सा काढा, मग नवं भरा. नळाचं असेल तर क्लोरीन उडायला बादलीत दिवसभर उघडं ठेवा. निऑन टेट्रा हा अमेझॉनच्या मऊ, जरा गार पाण्यातला मासा. या पाण्यात त्याला कोंडणं मला पटत नाही, कितीही खपत असला तरी.

गप्पीला मात्र जड पाणी मानवतं. डासांच्या अळ्या खातात म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी या माशांना भारतात आणलं, आणि हिवतापाने गांजलेल्या आपल्या भागात आरोग्य खातं आजही डबक्यांत गप्पी सोडतं. घरात फक्त नर ठेवावेत, सहा ते आठ. माद्या आणल्या की दर महिन्याला पिलावळ, आणि मग ती कुठे द्यायची हा प्रश्न. फायटरचा तर लाइन जाण्याशी फारसा संबंधच नाही. पृष्ठभागावर येऊन तो हवेतला ऑक्सिजन घेतो, गोरामीचंही तसंच. म्हणून त्याला वाटीएवढ्या बाउलमध्ये ठेवायचं असं नव्हे. एका टँकमध्ये नर एकच, आणि वर झाकण.

पण कोणी मनापासून विचारलं तर मी त्याला आपल्या तलावांकडे बघायला सांगतो. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचं पाणी मेमध्ये गुडघाभर उरतं आणि तापून निघतं. तरी पाऊस पडला की धानाच्या बांध्यांमध्ये बारीक मासोळ्या चढतातच. अंगावर दोन काळे ठिपके असलेली टिक्टो, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ ओढलेली रासबोरा, जिच्या अंगातून मणका दिसतो ती काचमासोळी. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात या तिघींचं वर्णन केलं, आणि परदेशातले शौकीन त्यांना पैसे मोजून पाळतात. आपल्याकडे ढिवर बांधवांच्या टोपलीत त्या 'बारीक मासोळी' म्हणून एका भावाने जातात. आठ-दहा टिक्टो एकत्र ठेवा. पावसाळ्याच्या तोंडाला नर तांबूस होतात, तेव्हा गोल्डफिशची आठवण येत नाही. काचमासोळी थोडी नखरेल. कोरडं खाद्य लवकर घेत नाही, डासांच्या अळ्या द्याव्या लागतात. अंगात सुईने रंग भरलेल्या काचमासोळ्या बाजारात दिसतात, त्या घेऊ नका. जिवंत मासोळ्या हव्या असतील तर गावच्या मच्छीमार सोसायटीला विचारून, पैसे देऊन घ्या. ताडोब्यात मासा धरणं हा गुन्हा आहे.

एप्रिल लागला की खाद्य निम्मं करा आणि पाण्यावर छोटा पंखा लावा. दोन अंश तरी उतरतात. बर्फ टाकू नका, एकदम गार झालेलं पाणी माशाला जास्त बाधतं. लाइन गेली तर मगाने पाणी काढून वरून ओतत राहा.

आणि नकोसा झालेला मासा रामाळा तलावात किंवा इरई नदीत सोडू नका. आंध्रातल्या तळ्यांमध्ये असाच पसरलेला सकर आज मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. दुकानात परत आणून द्या. पैसे मिळणार नाहीत, पण मासा ठेवून घेतला जातो.