खंबीर

आपल्याकडे न रडणाऱ्या माणसाला ‘खंबीर’ म्हणतात. वडील गेले तेव्हा ते विशेषण माझ्याही वाट्याला आलं. डॉक्टरांचा दाखला, वैकुंठ स्मशानभूमीतली पावती, नातेवाइकांना फोन, दहाव्याचं सामान, कावळा शिवेपर्यंत ताटकळणं, सगळं माझ्या देखरेखीखाली बिनचूक पार पडलं. आत्या म्हणाली, “घर सावरलंस हो!” ही सावरणारी बाई मला मात्र थोडी लांबूनच दिसत होती. हात माझे, आवाज माझा, पण आत राहतंय कोण ते कळेना.

दुःख होतं. माझ्यापर्यंत पोचत नव्हतं, इतकंच. त्याच्यामागे बाकीचंही सगळं अडकून पडलं. आमटी चवदार झाली आहे हे समजायचं, चव लागायची नाही. मैत्रिणीच्या लेकीचं गाणं ऐकलं आणि टाळ्या अगदी वेळेवर वाजवल्या. ज्याला काही वाटत नाही तो वेळ चुकवत नाही. म्हणून तर कोणाला संशयही येत नाही.

मोठा धक्का, जागरणं, असह्य ताण यांत मन कधीकधी असं बधिर होतं. बहुतेकदा ते आपोआप ओसरतं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) आपलं काहीतरी बिनसलंय याचं भान पूर्ण शाबूत असतं, आणि त्याचीच भीती वाटते.

जिनिव्हाचा प्राध्यापक आमिएल १८८१मध्ये वारला तेव्हा त्याच्या मागे सुमारे सतरा हजार पानांची रोजनिशी उरली. पुढे १८९८मध्ये द्युगास या फ्रेंच अभ्यासकाने मनाच्या या बधिर अवस्थेला नाव दिलं, ते त्याच रोजनिशीतून उचलून. मला त्या पानांची धास्ती वाटते. स्वतःवर इतका पहारा ठेवल्यावर जवळ कोण येणार? ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर जगाकडे तिऱ्हाइतासारखा बघतो, पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी त्याचा तो तिऱ्हाईतपणा कोलमडतो. त्या दिवसांत मला त्याचा हेवा वाटला.

शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात सरळच विचारलं, “तुला काही वाटतंय का गं, की नुसतं चाललंय?” मी म्हटलं, “नुसतं चाललंय.” खरं उत्तर दिल्याला बरेच दिवस झाले होते.

समाचाराला जाल तेव्हा रडणाऱ्यांभोवती माणसं असतातच. हातात यादी घेऊन फिरणाऱ्याला तेवढं विचारा. आणि ही बधिरता महिनोन्‌महिने हटतच नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.