गोळी हरते तेव्हा नळ तपासा

आमच्या पिंपरीतल्या वस्तीतल्या सात वर्षांच्या पोरीचा टायफॉईड उलटला, तेव्हा आम्ही कार्यकर्त्यांनी पहिलं काम काय केलं? तिच्या आईलाच बोल लावला. "ताई, गोळ्या अर्धवट का सोडल्या?" बाप चाकणला कंत्राटी कामगार. एक खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला. ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या. आम्हाला वाटलं, गुन्हेगार सापडला.

मग मोठ्या दवाखान्यात रक्ताचं कल्चर झालं. रिपोर्ट आला: या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालतच नाही. म्हणजे पोरीने सगळ्या गोळ्या खाल्ल्या असत्या तरी ताप उलटलाच असता! सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनांनी ती बरी झाली. आम्ही त्या माउलीची माफी मागितली.

मित्रांनो, औषधाचा कोर्स पूर्ण करायलाच हवा, यात वाद नाही. पण भारतातल्या टायफॉईडच्या बहुतेक जंतूंवर सिप्रो आता भरवशाचं राहिलेलं नाही. 2016 मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमध्ये तर सेफ्ट्रिॲक्सोनलाही न जुमानणारी साथ सुरू झाली. तोंडावाटे द्यायला ॲझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. उद्या तेही गेलं तर?

हा जंतू फक्त माणसात राहतो. रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पुढच्या लेकराच्या पोटात, हाच त्याचा रस्ता. औषधाला निर्ढावलेला जंतूही याच रस्त्याने येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. नळ रिकामा असतो तेव्हा फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं, हे कुठलाही प्लंबर सांगेल. मग दोषी कोण? गोळ्या सोडणारी आई, की गटारालगत नळ टाकणारी व्यवस्था?

आणि इलाज नाही असंही नाही. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांसाठी टायफॉईडच्या नव्या लसीची मोहीम सुरू केली आणि लाखाहून अधिक मुलांना लस दिली. लस टोचलेल्या पोराला टायफॉईडच झाला नाही, तर गोळी हरायचा प्रश्नच येत नाही.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तो माणुसकीच्या हक्काचा लढा होता. आज नळ आपल्या दारात आहे, पण त्यातून काय येतं हे विचारायचा हक्क आपण वापरतो का? जयंतीच्या वर्गणीतून यंदा थोडे पैसे बाजूला काढू, वस्तीतल्या नळाच्या पाण्याची तपासणी करून घेऊ आणि तो अहवाल घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊ. शुद्ध पाणी आणि मोफत लस, दोन्ही मागू. आईला जाब विचारणं सोपं होतं. आता जाब योग्य जागी विचारू.

जय भीम!