पोर्ट गॅम्बल: खाडीचे दोन काठ

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट गॅम्बलमध्ये फिरताना आधी नजरेत भरतो तो तिथला नीटनेटकेपणा. खाडीवरच्या उंचवट्यावर रंगवलेली लाकडी घरं आहेत, रस्त्याकडेला एल्मची झाडं आहेत आणि निमुळत्या मनोऱ्याचं १८७९ सालचं चर्च आहे. या सगळ्याला जिने जन्म दिला ती लाकडाची गिरणी मात्र नाही. १८५३ मध्ये पोप आणि टॅलबट यांच्या कंपनीने ती उभारली, कारण सोन्याच्या ओढीने लोटलेल्या माणसांमुळे सॅन फ्रान्सिस्को झपाट्याने वाढत होतं आणि त्याला फळ्या-तुळया हव्या होत्या. १४२ वर्षं चालून १९९५ मध्ये गिरणी बंद पडली आणि पुढे उतरवली गेली. गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा १९६६ मध्येच मिळाला होता. माझं म्हणणं असं की इथे वारसा म्हणून जे जपलंय ते निम्मंच आहे. मालक पूर्व किनाऱ्यावरच्या मेन राज्यातल्या ईस्ट मचायसचे. घरांची धाटणी तिथली, चर्चचा नमुनाही तिथलाच. त्यामुळे उंचवट्यावरून हिंडणाऱ्याला मालक कुठून आले ते नीट कळतं. इथे काम काय चालायचं आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा पुरावा त्याच्या पायाखालच्या पाण्यात आणि समोरच्या काठावर आहे.

पाण्यापासूनच सुरुवात करू. डग्लस फरचे ओंडके आणून खाडीत तरंगत ठेवायचे, लागतील तसे ओढून करवतीखाली घालायचे आणि कापलेला माल धक्क्याला लागलेल्या जहाजांत भरायचा, अशी ही रीत होती. ओंडके एकमेकांवर घासले की साली सुटायच्या. त्या साली, ढलप्या आणि भुसा दीड शतकभर तळाशी बसत गेला. कुजणारं लाकूड पाण्यातला प्राणवायू खातं आणि त्यातून सल्फाइड तयार होतं, तेव्हा तळाच्या जिवांना जगणं कठीण होतं. धक्क्याचे खांब पाण्यात टिकावेत म्हणून क्रिओसोटमध्ये भिजवलेले असत. ते मासळीच्या अंड्यांना विषारी, आणि ही खाडी तर हेरिंग मासळी अंडी घालायला येते अशी जागा. गेल्या दशकात असे हजारो खांब उपसले गेले, तळातला लाकडाचा गाळही काढला. ही सफाई व्हायलाच हवी होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण खांब गेले की त्यांचा इतिहासही पाण्याबाहेर जातो. घराच्या खिडकीची चौकट जितक्या काळजीने नोंदवली जाते, तितक्याच काळजीने या गाळाची जाडी आणि खांबांच्या रांगा गावातच लोकांसमोर मांडायला हव्यात.

समोरच्या काठाची गोष्ट याहून मोठी आहे. गिरणी जिथे उभी राहिली तिथे स्क्लॅलम या मूळनिवासी लोकांची वस्ती होती. ती खाडीपलीकडे पॉइंट जूलियाच्या वाळूच्या दांड्यावर गेली आणि तिथले पुरुष होडीने पाणी ओलांडून गिरणीत कामाला येऊ लागले. १८५५ च्या पॉइंट नो पॉइंट तहात या लोकांनी जमीन गमावली, मासेमारीचा हक्क मात्र राखला. त्यांनी दूरच्या स्कोकोमिश राखीव क्षेत्रात जावं असं तहात ठरलं होतं. अनेकांनी ते मानलं नाही, ते खाडीकाठीच राहिले. पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम राखीव क्षेत्र त्यांना मिळालं ते थेट १९३८ मध्ये. म्हणजे या गिरणीगावाला सुरुवातीपासून दोन काठ होते. वारशाच्या नकाशात एकच आला.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही वजनदार. पहिला असा की मालक एकच होता म्हणून तर गाव वाचलं. हे खरं आहे. याच किनाऱ्यावरच्या पोर्ट लडलोची गिरणी मोडल्यावर तिथली काही घरं तराफ्यांवर चढवून पोर्ट गॅम्बलला आणली गेली. गिरणी संपली की गावही संपतं, हीच तिकडची रीत. कंपनीने १९६० च्या दशकात घरांची डागडुजी केली नसती तर आज पाहायलाही काही उरलं नसतं. हे श्रेय मी मोकळेपणाने देतो. पण त्यातूनच हेही दिसतं की काय राखायचं हे मालकाच्या मर्जीवर होतं. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो: स्क्लॅलम हा आजचा जिताजागता समाज, त्याला अवशेषांत कसं मोजता? तसं मोजूच नये. मोजायचा आहे तो त्या काठाचा आणि त्या पाण्याचा गिरणीशी असलेला संबंध. खाडी स्वच्छ व्हावी म्हणून हा समाज आग्रह धरत आला. शिंपल्यांवर आणि मासळीवर त्याचं पोट आहे, आणि १८५५ च्या तहातला हक्क आजही कायद्याने चालतो. तेव्हा दुसऱ्या काठाबद्दल काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे स्क्लॅलम लोकांनी ठरवावं. उंचवट्यावरच्या माहितीफलकांवर त्यांच्या मजकुराला चर्चच्या आणि मालकांच्या घरांच्या बरोबरीची जागा द्यावी, एवढं काम गावाकडे उरतं.