नांदूरमध्यमेश्वरचा हत्ती

निफाडच्या दक्षिणेला नांदूरमध्यमेश्वरला लोक जातात ते पक्षी पाहायला. गोदावरी आणि कादवा तिथे मिळतात, बंधाऱ्यामागे पाणी पसरते, थंडीत परमुलखातली बदके उतरतात. ही जागा रामसरच्या जागतिक यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. तुम्ही गेलात तर घटकाभर काठाच्या मातीकडेही पाहा. याच गाळात एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली होती. जी. ई. पिल्ग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ साली तिच्यावर लेख लिहिला. तो हत्ती आजच्या हत्तीहून मोठा. त्याची जात हजारो वर्षांपूर्वीच संपली. कवटी आता कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे.

अशी कवटी पाहिली की पहिला प्रश्न येतो, सोंड कुठे गेली? अहो, सोंडेत एकही हाड नसते! नाक आणि वरचा ओठ मिळून ती झालेली. सगळे मांस, कातडी, नसा, आणि टोकापर्यंत गेलेल्या दोन नळ्या. ते सारे मातीत जाते.

खूण मात्र उरते. बैलाची कवटी तुम्ही पाहिली असेल. नाकाचे भोक पार पुढे, वेसणीपाशी. हत्तीचे ते वर कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, आणि एवढे मोठे की पोरांना तो एकच डोळा वाटावा. सोंडेचे मूळ तिथे. डोळ्याच्या खोबणीखालीही मोठे भोक असते. त्यातून सोंडेला स्पर्श कळवणारी जाड नस जाते.

बर्लिनच्या संशोधकांनी हत्तीच्या पिल्लाची जपून ठेवलेली सोंड क्ष-किरणांनी तपासली आणि २०२३ साली हिशेब मांडला: स्नायूंच्या जुड्या सुमारे ९० हजार! सर्वांत बारीक जुड्या शेंड्याला. ओंडका उचलणारी सोंड भुईमुगाची एक शेंगही टिपते ती त्यामुळे. पाणी मात्र हत्ती सोंडेने पीत नाही, सोंडेत ओढून तोंडात सोडतो. आपल्याकडे पुष्कळांना अजून उलटेच वाटते.

गोदाकाठी विहीर खणताना दगडासारखे जड हाड लागले, तर फोडू नका, हलवूही नका. तहसील कचेरीत कळवा. हाड कोणत्या थरात होते यावरून त्याचे वय काढता येते. उपसून बांधावर टाकले की तो पुरावा गेला.

हे थर पाहायचे तर उन्हाळ्यात जा. पाणी उतरले की कडा उघड्या पडतात, खाली गोट्यांचा घट्ट थर आणि वर पिवळसर माती.