दाण्याचे कूट

आमच्या घरी भुईमूग पिकतो. दाण्याच्या कुटाशिवाय आमची भाजी होत नाही. थोरली लेक अमेरिकेत असते. २००५ साली तिच्या पहिल्या बाळंतपणाला गेले, तेव्हा डबाभर कूट नेले. लेक म्हणाली, "आई, ते वर ठेव. बाळाला तीन वर्षं दाणे द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी बजावलंय."

जावयांना दमा. घराण्यात दमा, इसब, अ‍ॅलर्जी असेल तर मुलांना दाणे उशिरा द्यावेत, असा सल्ला तिकडच्या बालरोगतज्ज्ञांनी २००० साली दिला होता. मला राग आला. ज्या दाण्यावर तू वाढलीस, तो आता विष झाला का?

लेकीने सल्ला तंतोतंत पाळला. तरी चौथ्या वर्षी नातवाने कुणाकडे दाण्याचे बिस्कीट खाल्ले अन् ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. इस्पितळात नेले म्हणून वाचला.

२०१७ साली नात झाली. आता सल्ला उलटा! मधल्या काळात लंडनला इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांची पाहणी झाली होती. निम्म्यांना दाणे खाऊ घातले, निम्म्यांना वर्ज्य. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत शंभरी सतरा मुलांना दाण्याची अ‍ॅलर्जी निघाली, खाणाऱ्यांत शंभरी तिघांना. २०१५ साली हे जाहीर झाले.

लेक रडली. "आई, मीच त्याला आजारी केलं का गं?"

'मी सांगत नव्हते?' हे शब्द ओठांवर आले होते. पण आठवले, हिच्याच जन्माच्या वेळी मी पहिले चिकाचे दूध पिळून टाकले होते अन् मधाचे बोट चाटवले होते. सासूबाईंनी सांगितले तसे केले. दोन्ही चूक, हे पुढे नर्सबाईंनी समजावले.

मी म्हटले, "तेव्हा जे ठाऊक होतं ते तू केलंस. मीही तेच केलं होतं."

नातीला इसब होता. म्हणून आधी तपासणी केली. मग दाण्याचे मऊ वाटण पाण्यात पातळ करून डॉक्टरांसमोर चमच्याच्या टोकावर दिले. लेकीचा हात थरथरत होता. पोरीने मिटक्या मारल्या! नातू मात्र आजही जवळ इंजेक्शन बाळगतो.

बायांनो, सहा महिने आईचेच दूध, मग उष्टावण. वर्षाच्या आत मध नको. लहान मुलाला अख्खा दाणा नको, घशात अडकतो. बाळाला फार इसब असेल किंवा अंडे सोसत नसेल, तर दाणे देण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सल्ला बदलला, तर जुना सल्ला पाळणाऱ्या आईला बोल लावू नका.